स्थलांतराच्या यादीत नसलेले कपाट

वाचनालयाच्या इमारतीचे नूतनीकरण संपत आले, की कार्यकारी मंडळ एक यादी करते. तात्पुरत्या जागेतून परत काय काय न्यायचे, याची. पुस्तके जातात, लोखंडी मांडण्या जातात, संस्थापकांच्या तसबिरी जातात, देवघेव विभागाचे टेबल जाते, संगणक तर सगळ्यांत आधी जातात. आमच्या शहरातल्या वाचनालयाची अशी यादी नुकतीच पाहायला मिळाली. इमारतीचे छत आता गळत नाही. अभ्यासिकेत उजेड आला आहे, म्हाताऱ्या सभासदांसाठी लिफ्ट बसली आहे. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. यादीत एक सागवानी कपाट मात्र नव्हते. लहान लहान खणांचे, प्रत्येक खणावर पितळी चौकट आणि चौकटीत ‘अ ते आ’, ‘क ते कु’ अशी अक्षरे. तालिकेचे कपाट. आतल्या कार्डांसकट ते ‘निर्लेखन करावयाच्या वस्तू’ या मथळ्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या आणि जुन्या पंख्यांच्या ओळीत लिहिलेले होते.

हा लेख त्या कार्डांसाठी आहे. तालिका-कार्ड आता जगभरच गेले आहे. त्याच्या जाण्याची बातमी मराठीत फारशी कुणी दिली नाही आणि त्याने मराठी पुस्तकांसाठी काय केले, हे तर कुणीच सांगितले नाही.

आज वीस-बावीस वर्षांचा असलेला वाचक हे कार्ड ओळखणार नाही, म्हणून आधी त्याचे रूप सांगतो. साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर उंच असा जाड, पांढरट कागद. खालच्या कडेला मधोमध एक भोक. खणातली सगळी कार्डे त्या भोकातून एका सळईत ओवलेली असत. वाचकाला ती चाळता येत, पण काढून खिशात घालता येत नसत. डाव्या कोपऱ्यात वर्गांक. मराठी कादंबरी असेल तर ८९१.४६३, कविता असेल तर ८९१.४६१, नाटक असेल तर ८९१.४६२. त्याखाली ग्रंथकाराचे आडनाव, मग नाव, पुस्तकाचे शीर्षक, आवृत्ती, गाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, आणि दाखल अंक. एका पुस्तकाला एक कार्ड पुरत नसे. ग्रंथकाराचे एक, शीर्षकाचे दुसरे, विषयाचे तिसरे; अनुवादक किंवा संपादक असला तर त्याचे चौथे. मुख्य कार्डाच्या पाठीवर बाकीच्या कार्डांची नोंद असे. पुस्तक गहाळ झाले किंवा बाद केले, तर कुठल्या खणातून कुठले कार्ड काढायचे, ते पाठ पाहून कळे. म्हणजे दहा हजार पुस्तकांच्या एखाद्या तालुका वाचनालयात तीस-चाळीस हजार कार्डे. आपल्याकडे ती बहुतेक हातानेच लिहिलेली.

कार्डाच्या आधी वह्या होत्या. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे. त्या काळात ग्रंथालयाची यादी म्हणजे बांधलेली नोंदवही, किंवा दर काही वर्षांनी छापलेले पुस्तकांच्या याद्यांचे पुस्तक. वहीची अडचण उघड आहे. ‘ग’च्या पानावरची जागा संपली, की पुढचा ‘ग’ कुठे लिहायचा? आणि यादी छापून हातात येते तोवर पन्नास नवी पुस्तके दाखल झालेली असतात. कार्डाने ही अडचण कायमची मिटवली. नवे पुस्तक आले, नवे कार्ड लिहिले, खणात त्याच्या जागी सरकवले. यादी कधीच जुनी होत नाही आणि कधीच पुरी होत नाही.

या युक्तीचा उगम मोठा विलक्षण आहे. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर मठांची आणि सरदारांची ग्रंथालये सरकारजमा झाली. लाखो पुस्तकांची राष्ट्रीय यादी करायची होती आणि कोऱ्या कागदाचा तुटवडा होता. १७९१ साली निघालेल्या सरकारी सूचनांत सांगितले होते, की पुस्तकांची नोंद खेळायच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर करावी. लांबलचक शीर्षकांसाठी एक्का आणि दुर्री राखून ठेवावी, कारण त्यांच्या दर्शनी बाजूलाही लिहायला मोकळी जागा सापडते. राजाराणीच्या पाठीवर लिहिलेल्या पुस्तकांच्या नावांपासून सार्वजनिक तालिकेची ही परंपरा सुरू झाली. पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथालयात १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला एझ्रा अ‍ॅबट यांनी वाचकांनी स्वतः हाताळावी अशी कार्डतालिका केली. १८७६ साली मेल्व्हिल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर कार्डाचे माप, कपाटाचे माप, लिहिण्याची पद्धत असे सगळे एकसारखे होत गेले. ग्रंथपालांना एक वेगळे सरळ, सुटे, गोल वळणाचे अक्षर शिकवले जाई, म्हणजे कुणीही लिहिलेले कार्ड कुणालाही वाचता यावे. (ड्यूई यांचे वर्तन, विशेषतः स्त्रियांशी, इतके वाईट होते, की अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. ते योग्यच झाले.)

आपल्याकडे हे शास्त्र आले ते एका मराठी राजामुळे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अमेरिकेत ग्रंथालये पाहून आले आणि १९१० साली त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले. बॉर्डन यांनी बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, खेडोपाडी वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये सुरू केली आणि ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली पुस्तके त्या ग्रंथालयाला दिली. तिथून ग्रंथालयाविषयीचे एक नियतकालिकही निघत असे, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. पुढे मद्रासला शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आणि १९३४ साली तालिकेची स्वतंत्र संहिता दिली. त्यांच्या पाच सिद्धान्तांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. कार्ड जगले ते या चौथ्या सिद्धान्तासाठी.

महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला, शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळू लागले, ग्रंथपालनाचे प्रशिक्षणवर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत भरू लागले. त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या पोरापोरींनी, पगार म्हणावा की मानधन असा प्रश्न पडावा इतक्या पैशात, ही कार्डे लिहिली. दुपारी दोन ते चार, वाचनालय बंद असताना, दाखल वहीतून कार्डावर, टाकाने आणि नंतर शाईच्या पेनाने. त्यांची नावे कुठल्याही स्मरणिकेत नाहीत. इमारतीच्या शिलालेखावर देणगीदारांची नावे असतात, तालिकेवर तालिकाकाराचे नाव कधीच नसे. अक्षर मात्र राहिले. आमच्या वाचनालयातल्या खणांत तीन हस्ताक्षरे ओळखू येतात. एक उभे, कोरीव, शाळामास्तराचे. दुसरे बारीक आणि डावीकडे झुकलेले. तिसरे मोठे, मोकळे, ज्यातला ‘श’ अजून जुन्या वळणाचा आहे. तिसऱ्या हस्ताक्षराच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना शाल आणि नारळ मिळाला. त्यांचे खरे काम त्या कपाटात होते.

आता मला ज्याबद्दल खरे बोलायचे आहे तिथे येतो. मराठी पुस्तकांची तालिका करणे हे इंग्रजी पुस्तकांपेक्षा पुष्कळ अवघड काम होते आणि आपल्या ग्रंथपालांनी ते फार शहाणपणाने केले.

कारण आपले लेखक. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे नाव, तेच कार्डावर लिहिले तर एक माणूस तीन खणांत विखुरला. शिरवाडकरांची नाटके शिरवाडकरांच्या नावावर, कविता कुसुमाग्रजांच्या नावावर. खानोलकरांच्या कादंबऱ्या ‘ख’मध्ये आणि कविता आरती प्रभू म्हणून ‘आ’ किंवा ‘प’मध्ये. लोकहितवादी शोधणाऱ्याला देशमुख गोपाळ हरि कुठून आठवणार? ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते हे शाळेच्या पुस्तकात होते म्हणून ठीक. पण ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे हे वाचनालयात पहिल्यांदा आलेल्या मुलीला कोण सांगणार?

कार्ड सांगे. खणात एक कार्ड येई, ज्यावर पुस्तक नसे, वर्गांक नसे, फक्त दोन नावे आणि मध्ये एक शब्द: ‘पाहा’. ‘गोविंदाग्रज, पाहा: गडकरी, राम गणेश.’ काही ग्रंथपाल उलट करत, सगळे टोपणनावाखाली ठेवत आणि खऱ्या नावाच्या कार्डावर ‘पाहा’ लिहीत. पद्धत कुठलीही असो, ती एकदा ठरली की पाळली जाई. आणि जिथे दोन्हीकडे पुस्तके होती तिथे ‘हेही पाहा’ असे. ही ‘पाहा’ची कार्डे कुठल्याही पुस्तकासाठी नव्हती. ती वाचकासाठी होती. ग्रंथपालाने आधीच ओळखलेले असे, की माणूस इथे चुकीच्या खणात येणार आहे, आणि त्याने तिथे पाटी लावून ठेवलेली असे.

स्त्रियांच्या बाबतीत तर या पाटीला फार मोल होते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. त्या कोण, यावर कितीतरी काळ तर्क चालले. त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालती बेडेकर. एका बाईची तीन नावे: माहेरचे, सासरचे आणि पुस्तकावरचे. जुन्या लेखिकांपैकी कितीतरी जणींचे असेच आहे. पहिली आवृत्ती माहेरच्या नावाने, दुसरी लग्नानंतरच्या नावाने, आणि नियतकालिकातले लेखन ‘एक भगिनी’ म्हणून. ही नावे जोडून ठेवण्याचे काम विद्यापीठातल्या संशोधकांच्या आधी वाचनालयाच्या तालिकेने केले. चुका झाल्या, पण पुष्कळदा बरोबर केले.

आणि आडनावे. ‘देशपांडे’ या एका आडनावाला कितीतरी कार्डे लागत. पु. ल., आ. रा., कुसुमावती, सुनीता, गौरी, शिवाय गणिताच्या पाठ्यपुस्तकाचे कुणी आणि पाकशास्त्राचे कुणी. कुलकर्णी आणि जोशी यांचेही तेच. संत आले की नियम बदले. ज्ञानेश्वरांना कुलकर्णी म्हणून आणि रामदासांना ठोसर म्हणून कुणी शोधत नाही, म्हणून ते आपल्या संतनामानेच लागत. मग ‘ज्ञ’ कुठे लावायचा, ‘ज’नंतर की वर्णमालेच्या शेवटी? अनुस्वार आधी की नंतर? शीर्षकातले ‘श्री’ सोडायचे की धरायचे? ‘श्री’ नेहमीच सोडला तर ‘श्रीमान योगी’ कुणालाच सापडणार नाही. या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वाचनालयाने थोडी वेगळी दिली. पण दिली. आणि खणांच्या वर एका पुठ्ठ्यावर ती लिहूनही ठेवली.

याच रीतीने, नोंदीवर नोंद रचत, शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. १९४३ साली तो ग्रंथ आला आणि १९३८ ते १९५० या वर्षांची पुढची सूची १९६१ साली. एका माणसाने, ग्रंथालया-ग्रंथालयांतून फिरून, एवढ्या मोठ्या भाषेच्या दीडशे वर्षांच्या पुस्तकांची हजेरी घेतली. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८९३पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८९८पासून मराठी ग्रंथ जमवण्याचा ध्यास घेतला नसता आणि त्यांच्या नोंदी नीट ठेवल्या नसत्या, तर असली सूची करायला पायाच नव्हता. आजही जुन्या मराठी पुस्तकावर काम करणारा माणूस पहिल्यांदा दात्यांकडे जातो.

कार्डाचा शेवट एका दिवसात झाला नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हराम या बाईंनी १९६०च्या दशकात संगणकाला समजेल अशी ग्रंथनोंदीची पद्धत तयार केली. कार्डावरचा प्रत्येक तपशील त्यांनी वेगळा करून त्याला क्रमांक दिला. आज जगातल्या बहुतेक ग्रंथालयांच्या संगणकात तीच पद्धत चालते. संगणकातली नोंद ही अशी कार्डाच्याच पोटची आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९८०च्या अखेरीस आपल्या मुख्य तालिकेत नवी कार्डे लावणे थांबवले, तरी इतर ग्रंथालयांना छापील कार्डे विकणे १९९७पर्यंत चालू ठेवले. शेवटचा मोठा छापखाना ओहायोतल्या ओसीएलसी या ग्रंथालय-सहकारी संस्थेचा. १९७१पासून तिने १९० कोटींहून अधिक कार्डे छापली होती. १ ऑक्टोबर २०१५ रोजी तिने शेवटची कार्डे छापली आणि यंत्र बंद केले. मृत्यूची तारीख द्यायचीच असेल तर ती हीच.

संगणक आला हे चांगले झाले, हे मी हातचे न राखता म्हणतो. पुस्तक घरी बसून शोधता येते, ते बाहेर गेले आहे की जागेवर आहे हे कळते, एकाच वेळी दहा जण शोधू शकतात, दृष्टिहीन वाचकाला यंत्र नोंद वाचून दाखवते. कार्डाला यातले काहीच जमत नव्हते. खणापाशी कुणी उभे असेल तर दुसऱ्याने थांबायचे, आणि चुकीच्या जागी लागलेले कार्ड म्हणजे हरवलेले पुस्तक. कार्डे परत आणा असे मी म्हणत नाही.

तक्रार आहे ती कार्डे ज्या घाईने संपवली गेली त्याबद्दल. आपल्याकडे ‘संगणकीकरण’ झाले तेव्हा बहुतेक ठिकाणी ठेका दिला गेला. ठेकेदाराच्या मुलांनी नोंदी भरल्या, आणि त्यासुद्धा कार्डावरून कमी, दाखल वहीवरून जास्त, कारण वही पाठोपाठ वाचता येते. पाच-सहा रकाने: क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत. विषयाचे कार्ड गेले. ‘पाहा’चे कार्ड गेलेच, कारण त्याला दाखल अंक नव्हता, ज्याला क्रमांक नाही त्याला रकाना कुठला? आज एखाद्या वाचनालयाच्या संगणकावर शोध घ्या. पु. ल. देशपांडे, पु.ल.देशपांडे, देशपांडे पु ल, देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण: संगणकाच्या लेखी हे चार वेगळे लेखक आहेत. फुल्यांचे जोतीराव, जोतिराव, जोतिबा, ज्योतिबा असे झाले आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन पुस्तके आली आहेत. कुठे नोंदी रोमन लिपीत आहेत, तिथे ‘टिळक’ कसे लिहिले असेल याचा अंदाज करत बसायचे. कुठे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी नव्या प्रणालीत आल्या आणि मराठीची जागा अगम्य चिन्हांनी घेतली. या प्रत्येक दुखण्यावर संगणकात औषध आहे. एका लेखकाची सगळी नावे एका धाग्यात बांधण्याची सोय चांगल्या प्रणालीत असतेच. ती भरायला माहिती लागते, आणि ती माहिती त्या कपाटात तयार होती.

कार्डावर छापील नियमाबाहेरचेही पुष्कळ असे. पेन्सिलीने लिहिलेले: ‘खंड २ नाही.’ ‘पृ. ३३ ते ४८ नाहीत.’ ‘लेखकाची भेट प्रत, स्वाक्षरी आहे.’ ‘याच विषयावर अमुक दिवाळी अंकात लेख आहे.’ काही हौशी ग्रंथपालांनी मासिकांतल्या आणि दिवाळी अंकांतल्या लेखांची स्वतंत्र कार्डे केली होती. ती कुठल्या नियमात बसत नव्हती, पण गावच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला दुसरा आधार नव्हता. आणि काही कार्डे अशा पुस्तकांची, जी आता कुठेच नाहीत. गावातल्या नाट्यमंडळाने छापलेले संगीत नाटक, दुष्काळावरचा पोवाडा, एखाद्या शाळेची स्मरणिका, स्थानिक कवीने पदरमोड करून काढलेला संग्रह. पुस्तक वाळवीने खाल्ले किंवा पुराच्या पाण्यात गेले, कार्ड काढायचे राहून गेले. असे पुस्तक होते, याचा जगातला एकमेव पुरावा कधी कधी ते न काढलेले कार्ड असते.

जुन्या कार्डांचे काय करायचे, हा प्रश्न इतरांनाही पडला होता. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने १९८०च्या दशकात तालिका बंद केल्याचा समारंभ केला आणि कार्डे फुग्यांना बांधून आकाशात सोडली. निकोल्सन बेकर या लेखकाने १९९४ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात या आणि असल्या प्रकारांवर कडाडून टीका केली. कार्डांच्या कडांवर किती वाचकांची बोटे लागून त्या काळवंडल्या आहेत, यावरून कुठला विषय किती वाचला गेला हे कळते, असेही त्याने दाखवले. त्या वेळी पुष्कळ ग्रंथपालांनी त्याला वेड्यात काढले. मला त्याचे म्हणणे पटते.

सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य सार्वजनिक ग्रंथालय १९८९च्या भूकंपात बसलेल्या धक्क्यांनंतर १९९६ साली नव्या इमारतीत गेले. जागा कमी पडली म्हणून पुस्तके फेकली, असा मोठा वाद तेव्हा तिथे पेटला आणि बेकर त्यातही उतरला. पण त्याच इमारतीत एक चांगली गोष्टही झाली. अ‍ॅन हॅमिल्टन आणि अ‍ॅन चेंबरलेन या दोन कलावंत स्त्रियांनी जुन्या तालिकेतली सुमारे ५०,००० कार्डे भिंतींत बसवली. शहरातल्या अनेक लोकांनी त्या कार्डांवर आपापल्या भाषेत हाताने लिहिले: त्या पुस्तकातली एखादी ओळ, त्या पुस्तकाविषयीचे काही. स्थलांतर करताना जुन्याचा मान कसा राखावा याचे हे उदाहरण. दुसरीकडे ब्रसेल्समध्ये पॉल ऑटले आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५पासून जगातल्या सगळ्या पुस्तकांची एक तालिका करायला घेतली होती. कार्डांची संख्या कोटीच्या पुढे गेली. १९३४ साली सरकारने जागा काढून घेतली, १९४० साली जर्मन आले आणि त्यांना प्रदर्शनासाठी दालन हवे होते म्हणून संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. जे उरले ते आता बेल्जियममधल्याच माँस या गावी संग्रहालयात आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न जागेचाच होता.

आणि आपल्या पुण्यात? येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी सुरू केले. त्यासाठी संस्कृत ग्रंथांतून शब्द टिपून केलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आजही तिथे धातूच्या खणांत जपलेल्या आहेत आणि त्यांच्या आधारे कोशाचे खंड निघत आहेत. त्यांना कुणी रद्दी म्हणत नाही, कारण त्यांच्यावर काम करणारी माणसे तिथे बसलेली आहेत. वाचनालयातल्या कार्डांपाशी आता कुणी बसत नाही, एवढाच फरक. मजकुराच्या मोलात फरक नाही.

महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालये हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांतल्या जुन्या वाचनालयांच्या इमारती आता शंभरी ओलांडत आहेत, आणि दुरुस्ती, पुनर्बांधणी, नूतनीकरण सगळीकडे चालू आहे. ते व्हायलाच हवे. पावसाळ्यात पुस्तकांवर प्लॅस्टिक घालून बसण्याचे दिवस संपायलाच हवेत. पण प्रत्येक स्थलांतरात एक ट्रक रद्दीवाल्याकडे जातो आणि त्यात काय आहे हे कुणी पाहत नाही. कार्यकारी मंडळांना माझी विनंती फार खर्चाची नाही. कार्डे बाद करण्याआधी त्यांचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. साध्या मोबाइलवर होते. जवळच्या महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले सुट्टीच्या आठवड्यात हे काम हसत करतील. ‘पाहा’ची कार्डे वेगळी काढा आणि त्यांतली नावे संगणकात जोडून घ्या; हे काम ठेकेदाराला देऊ नका, निवृत्त ग्रंथपालांना बोलवा, ते येतील. ज्या पुस्तकांची फक्त कार्डे उरली आहेत त्यांची यादी करून ती विद्यापीठाच्या मराठी विभागाला पाठवा. आणि नव्या दालनात जागा असेल तर एक कपाट ठेवा, नसेल तर ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयाला द्या. सागवान विकून येणाऱ्या पैशांत लिफ्टचे एक बटणही बसत नाही.

आमच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा स्थलांतराच्या आधी आहे आणि निर्लेखनाचा ठराव तिथेच मांडला जाईल. मी त्याला दुरुस्ती सुचवणार आहे. आपण आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद असाल, तर अशा सभेची सूचना आली की आवर्जून जा, निर्लेखनाची यादी मागून घ्या आणि तिच्यात तालिकेचे कपाट असेल, तर मत देण्याआधी कार्डांच्या दोन्ही बाजूंचे फोटो झाले आहेत का, हे विचारा.